कॅम्परव्हॅनमधली आग: कारणं, खबरदारी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेम्पो ट्रॅव्हलर, विंगर किंवा जुनी मिनीबस घेऊन तिचं फिरतं घर करणाऱ्यांची संख्या मुंबईत वाढते आहे. अशा गाडीत डिझेलची टाकी, गॅस, बॅटरी, प्लायवूड, फोमची गादी आणि झोपलेली माणसं हे सगळं जेमतेम १२ घनमीटर जागेत असतं. घरात आग लागली तर निदान दुसऱ्या खोलीत पळता येतं, इथे दुसरी खोलीच नसते. लोक आम्हाला जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर देत आहोत.

आग बहुतेक वेळा सुरू कुठून होते?

इंजिन आणि चाकांपासून, १२ व्होल्टच्या वायरिंगपासून, गॅसपासून किंवा बाहेरून घेतलेल्या २३० व्होल्टच्या जोडणीपासून. यातली सगळ्यात जास्त काळजी आम्हाला १२ व्होल्टच्या वायरिंगची वाटते. कंपनीतून आलेल्या वायरिंगला प्रत्येक फाट्यावर फ्यूज असतो आणि वायर कुठून न्यायची हे ठरलेलं असतं. गाडी घेतल्यावर जी भर पडते, म्हणजे दुसरी बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर, फ्रीज, पंखे, ती ज्याला जशी सुचेल तशी जोडली जाते आणि नंतर प्लायवूडच्या मागे झाकली जाते.

१२ व्होल्टला हात लावला तर झटकाही बसत नाही. मग आग कशी लागेल?

झटका व्होल्टेजमुळे बसतो, पण तार तापते ती करंटमुळे. १००० वॉटची किटली घरच्या प्लगवर सुमारे साडेचार अँपिअर ओढते. तीच किटली इन्व्हर्टरवर लावली की बॅटरीच्या तारेतून ९५ ते १०० अँपिअर जातात. शिवाय उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या सांध्यात नुसता ०.०१ ओहम रोध असला, तरी १०० अँपिअरला तिथे १०० वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचं आयर्न २५ ते ६० वॉटचं असतं, हे लक्षात घेतलं की नखाएवढ्या जागेत १०० वॉट म्हणजे काय ते कळेल.

हा रोध येतो मुख्यतः थिंबलमधून, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीतून. हातोडीने ठोकून किंवा पक्कडीने दाबून बसवलेलं थिंबल जवळून पाहा. तांब्याचे चार-सहा केस बाहेर आलेले असतात आणि थिंबलची नळी गोल राहण्याऐवजी एका बाजूला चपटी झालेली असते. असा सांधा काही महिने चालतो. मग वायरचं आवरण थिंबलजवळ आधी चकाकतं, नंतर कडक होतं आणि शेवटी तपकिरी पडतं. तपकिरी रंग दिसला की तो सांधा पूर्वी तापून गेला आहे असं समजायचं. तो कापून टाकायचा आणि नवं थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परने, म्हणजे थिंबल दाबायच्या हत्याराने, दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवायची. स्वतःकडे क्रिम्पर नसेल तर केबल मापून न्या. लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, केबल आणि थिंबल दोन्ही मिळतात, दाबून देणारेही सापडतात.

तपासणी सोपी आहे. किटली किंवा इस्त्री लावून इन्व्हर्टर दहा मिनिटं चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक सांधा बघा. शेजारच्या तारेपेक्षा सांधा दहा अंशांनी जरी गरम असला, तरी तो उघडून पाहावा. बॅटरीजवळ काम करताना अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा.

फ्यूज कुठे लावायचा आणि किती अँपिअरचा?

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून जास्तीत जास्त १८ सेंटिमीटरवर. फ्यूज उपकरणाला नाही, तारेला वाचवतो. बॅटरी मागे आणि फ्यूज पुढे डॅशबोर्डखाली असेल तर मधल्या तीन मीटर तारेला कसलंच संरक्षण उरत नाही. ती तार पत्र्याच्या कडेवर घासली की थेट शॉर्ट.

तारेच्या जाडीनुसार आम्ही हे आकडे धरतो: २.५ चौरस मिलिमीटरला १५ अँपिअर, ४ ला २५, १६ ला ८०, ३५ ला १५०, ७० ला २५०. म्हणजे १००० वॉटच्या इन्व्हर्टरला ३५ ची केबल आणि १२५ चा फ्यूज, २००० वॉटला ७० ची केबल आणि २५० चा फ्यूज. केबल दीड मीटरच्या आत ठेवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं ही हमखास आगीची वाट आहे. आधी तो का उडतो ते शोधा.

लिथियम बॅटरी असेल तर फ्यूजचा प्रकारही महत्त्वाचा. शॉर्ट झाल्यावर ती हजारो अँपिअर सोडू शकते. स्वस्त फ्यूजमधली पट्टी वितळते, पण वितळलेल्या जागी ठिणगीची कमान तशीच जळत राहते. क्लास-टी फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो, म्हणून लिथियमला तोच लावा. आणि घरातली एसी एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, सोलरच्या लाइनवर कधीही वापरू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. सोलर आणि बॅटरीच्या डीसीत तो शून्यावर येतच नाही. मालिकेत जोडलेल्या दोन-तीन पॅनेलना ती एमसीबी बंद करताना आतल्या आत पेटू शकते. डीसीसाठी बनवलेली एमसीबीच घ्या आणि तिच्यावरची प्लस-मायनसची खूण पाळा.

लिथियम बॅटरी पलंगाखाली ठेवली तर चालेल का?

कुठली लिथियम, यावर ते अवलंबून आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, जड असते पण तापमान सहन करण्यात बरीच बरी. ई-स्कूटरच्या भंगार पॅकमधून काढलेले सेल जोडून बनवलेली बॅटरी झोपायच्या जागेखाली तर नाहीच, गाडीतही नको. एलएफपी असली तरी बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवून गरज पडल्यास बॅटरी तोडणारं सर्किट, हवा, बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी आणि तिच्यावर स्टीलचे डबे किंवा पाने-हत्यारं पडणार नाहीत अशी झाकलेली हवी.

एक चूक मुंबईत फार महागात पडते. लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडली की ती मिळेल तेवढा करंट ओढते. सायन ते ठाणे या रांगेत इंजिन तासभर आयडलवर असतं, अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो आणि अल्टरनेटर पूर्ण भारावर भाजत राहतो. मध्ये २० किंवा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावा.

बॅटरी फुगली, सॉल्व्हंटसारखा गोडसर वास आला, फुसफुस आवाज किंवा पांढरी वाफ दिसली, तर झाकण उघडून बघत बसू नका. सगळ्यांनी बाहेर पडायचं. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की तो पेट घेऊ शकतो. तिच्या पेटीला गाडीबाहेर जाणारी नळी हवीच.

गॅस सिलिंडर ठेवायचा तर कुठला आणि कसा?

पाच किलोचा पुरतो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत नेऊ नका, तो नीट बांधायला जागाच नसते.

एलपीजी हवेपेक्षा जड आहे. ती वर जात नाही, पाण्यासारखी खाली वाहते आणि फरशीवर, पलंगाखालच्या खणात, पायरीच्या खोबणीत साचते. हवेत साधारण २ टक्के गॅस झाली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. १२ घनमीटरच्या गाडीत त्यासाठी अर्धा किलो गॅस पुरते, आणि ती तळाशी साचत असल्यामुळे तिथे हे प्रमाण त्याच्या कितीतरी आधी गाठलं जातं. छताचा पंखा चालू असल्याने काही सुरक्षितता येत नाही.

म्हणून सिलिंडरचा कप्पा राहायच्या जागेपासून पूर्ण बंद असावा, दार फक्त बाहेरून उघडावं आणि तळाला थेट रस्त्याकडे उघडणारी जाळी असावी. ही जाळी एक्झॉस्टच्या किंवा बॅटरीच्या जवळ येऊ देऊ नका. सिलिंडर उभाच, दोन पट्ट्यांनी बांधलेला. आडवा केला तर रेग्युलेटरमध्ये द्रव गॅस जाते आणि शेगडीची ज्योत भडकते. नळी आयएस ९५७३ ची छाप असलेली, नारिंगी सुरक्षा ट्यूब घ्या. तिच्यावर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षांत ती बदलायची. गाडीत ती सतत हादरत असते, म्हणून आम्ही तीन वर्षांतच बदला असं सांगतो. जिथे ती पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवं.

सिलिंडर बदलल्यावर दरवेळी भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं आणि शेगडीचे नॉब यांवर लावा. बुडबुडा वाढत असेल तर गळती आहे. व्हॉल्व्हमधलं रबरी वायसर फाटलेलं असणं हे सगळ्यात नेहमीचं कारण. काडी पेटवून तपासणारे अजूनही आहेत, तसं करू नका. गाडी चालू लागण्यापूर्वी रेग्युलेटर बंद, नेहमी.

शनिवार-रविवार अलिबाग किंवा भंडारदऱ्याला जाणाऱ्यांनी आत गॅस बसवूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. गॅसच्या छोट्या डब्यावर चालणारी शेगडी बाहेर टेबलावर वापरा. तिच्यावर मोठा तवा ठेवू नका, कारण तव्याची धग शेजारच्या डब्यावर येते आणि डबा फुटतो. मे महिन्यात हे डबे बंद गाडीत सोडून जाऊ नका.

गाडीत गॅसचा वास आला तर पहिल्यांदा काय करायचं?

कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, पंख्याचंही नाही. रेग्युलेटर बाहेरून बंद करा, सगळी दारं उघडा, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सगळ्यांना न्या. फोन लांब जाऊन लावा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. वास गेला म्हणजे गॅस गेली असं नाही, खालचे खण उघडून पुठ्ठ्याने वारा घालून ती दाराबाहेर लोटावी लागते.

सोसायटीत उभ्या गाडीला वॉचमनच्या केबिनमधून प्लग घेतला तर?

नेहमीची पातळ दोन वायरची एक्स्टेन्शन घेतली तर धोका मोठा. तिला अर्थिंगच नसतं. रीळवर गुंडाळलेली असेल तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि २००० वॉटच्या भाराला रीळ आतून वितळतं. तीन वायरची, २.५ चौरस मिलिमीटरची केबल घ्या, पूर्ण उलगडा, निळा औद्योगिक सॉकेट वापरा. गाडीत शिरताच १६ अँपिअरची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

पावसाळ्यात गाडी चार महिने उभी असते. तिला काय धोका?

ओल, खारी हवा आणि उंदीर. वर्सोवा, माहीम, कुलाबा अशा किनाऱ्याजवळच्या भागात तांब्यावर हिरवट पूड चढते. ती दिसली म्हणजे सांध्याचा रोध वाढलेला आहे. सप्टेंबर संपल्यावर गाडी काढण्यापूर्वी प्रत्येक थिंबल सोडवून घासा, पुन्हा आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा.

उंदीर ही मुंबईची खरी अडचण. ते वायरचं आवरण कुरतडतात आणि इंजिनवर प्लास्टिक, चिंध्या, सुकं गवत यांचं घरटं करतात. उघडी तार आणि शेजारी चिंध्या, एवढंच आगीला पुरतं. सीटखाली बिस्किटाचा चुराही ठेवू नका. वायर जिथून आत येते ती भोकं स्टीलच्या काथ्याने बुजवा, नुसत्या फोमने नाही, फोम ते एका रात्रीत पोखरतात. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्चने बघा. पहिल्यांदा स्टार्ट मारण्याआधी तर नक्कीच. गाडी उभी करताना राहायच्या भागाच्या दुसऱ्या बॅटरीचा मेन स्विच बंद ठेवा.

घाट उतरताना चाकातून धूर का येतो?

ब्रेक सतत दाबून ठेवल्यामुळे. बोरघाट, कसारा किंवा आंबोली उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. कॅम्पर गाडी नेहमी भरलेली असते. १०० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे १०० किलो, त्यावर बॅटऱ्या, फर्निचर, सामान. एकदा सगळं भरून वजनकाट्यावर न्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहा. ब्रेक ऑइलही जुनं झालं की पाणी शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत येतो. मुंबईच्या हवेत ते दर दोन वर्षांनी बदला. मागच्या जोडचाकांपैकी आतल्या टायरची हवा कुणी तपासत नाही. तो मऊ पडला की आतून तापतो आणि पेटतो, आणि टायरची आग छोट्या अग्निशामकाला दाद देत नाही.

इंजिनाच्या बाजूने काय तपासायचं?

डिझेलची नळी आणि टर्बो. गळलेलं डिझेल तापलेल्या टर्बोवर पडलं की ठिणगीची गरजच नसते. नळी बोटांत दाबून वाकवा, बारीक चिरा दिसल्या तर बदला. बीएस-६ डिझेल गाड्यांचा एक्झॉस्ट फिल्टर स्वतःला साफ करताना सुमारे ६०० अंशांपर्यंत तापतो. फेब्रुवारी ते मे या काळात माळशेज किंवा ताम्हिणीच्या सुक्या गवतावर गाडी उभी करू नका. मुरमाची किंवा मोकळ्या मातीची जागा शोधा.

आतल्या सजावटीला काय वापरावं?

थर्माकोल आणि साधा फोम टाळा. ते झरझर जळतात आणि त्यांचा धूर माणसाला ज्वाळेच्या आधी गाठतो. इंटीरिअरवाल्याकडे आयएस १५०६१ चं साहित्य मागा. खात्री नसेल तर तुकडा बाहेर मोकळ्यावर पक्कडीत धरून, शेजारी पाण्याची बादली ठेवून पेटवून बघा. काडी काढल्यावर जो जळत राहतो आणि थेंब गाळतो तो परत करा. शेगडीच्या वर आणि शेजारी पडदा नको.

कुठले अलार्म लागतात?

तीन. धुराचा छताला, एलपीजीचा जमिनीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, कार्बन मोनॉक्साइडचा झोपल्यावर डोकं असतं त्या उंचीला. गॅसचा अलार्म छताला लावलेला आम्ही वारंवार बघतो, तो तिथे निरुपयोगी आहे. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐका.

अग्निशामक किती किलोचा, आणि कुठे टांगायचा?

दोन किलोचे दोन, एबीसी पावडरचे, आयएस १५६८३ छाप असलेले. एक दाराजवळ असा की बाहेर उभं राहून हात घालता येईल, दुसरा ड्रायव्हरजवळ. शेगडीच्या मागे टांगलेल्याचा काही उपयोग नाही, कारण तो काढायला ज्वाळेवरून हात न्यावा लागतो. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून महिन्यातून एकदा काढून उलटा करा, बुडावर चार थापट्या मारा आणि काटा हिरव्यात आहे ना ते बघा.

वापरताना पिन ओढा, नोझल ज्वाळेच्या मुळाशी धरा, दांडा दाबा, आडवं फिरवा. दोन किलोचा जेमतेम दहा सेकंद चालतो. तेवढ्यात आग विझली नाही तर निघा. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नको. शेगडी बंद करून झाकण किंवा फायर ब्लँकेट टाका. लिथियम पेटली तर पावडरने ज्वाळा दबतात, पण सेल पुन्हा पेटतात. तिला भरपूर पाणी लागतं आणि ते काम बंबाचं.

रात्री आग लागली तर बाहेर कसं पडायचं?

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. बस दाराच्या बाजूवरच आडवी झाली होती. जे वाचले त्यातले काही काच फोडून निघाले. तुमच्या गाडीचंही दार ज्या बाजूला आहे, त्याच्या समोरच्या बाजूने किंवा मागून माणूस निघेल अशी दुसरी वाट हवी. मागचं दार पलंगाने अडवलेलं असेल तर ते आतून उघडतं का, ते आज बघा.

काच फोडायच्या हातोडीबद्दल मोठा गैरसमज आहे. बाजूची टफन्ड काच कोपऱ्यात मारली की भुगा होते. पुढची काच थरांची असते, ती तडकते पण सुटत नाही. आणि कॅरॅव्हॅनच्या खिडक्या पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकच्या असतात, त्यांच्यावरून हातोडी उसळते. त्या कड्या उघडूनच ढकलाव्या लागतात. घरातल्या प्रत्येकाने, आजी-आजोबांनी आणि मुलांनीही, डोळे बंद करून त्या कड्या उघडून दाखवाव्यात. झोपताना किल्ली रोज एकाच खिळ्याला.

एक्सप्रेसवेवर बॉनेटमधून धूर दिसला तर?

डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे गाडीपासून निदान तीस मीटर न्या, मग ११२ किंवा १०१ ला फोन करा. बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळून आग उसळते. आतली कडी सोडून फटीतून पावडर मारा. सामान काढायला परत जाऊ नका.

बदल केलेल्या गाडीचा विमा मिळतो का?

गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आरटीओकडे नोंद नसेल आणि विमा कंपनीला गॅस, इन्व्हर्टर, सोलर कळवलेलं नसेल, तर आगीचा दावा अडकू शकतो. वायरिंगचा नकाशा, फ्यूजची यादी आणि बिलं जपून ठेवा.

डास पळवायची कॉइल, उदबत्ती, मेणबत्ती?

आत नको. खिडक्यांना जाळी बसवा.

वर्षातून एकदा सगळं तपासायचं तर कधी?

१४ एप्रिलला. १९४४ साली याच दिवशी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अनेक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो. तारीख लक्षात राहते आणि पावसाआधी दुरुस्तीला दीड महिना हाताशी उरतो. त्या दिवशी थिंबल, फ्यूज, गॅसची नळी, अलार्मच्या तारखा, दोन्ही अग्निशामकांचे काटे आणि खिडक्यांच्या कड्या बघा. काटा लाल पट्ट्यात असेल तर दोन्ही अग्निशामक एकदम भरायला देऊ नका, एक परत आला की दुसरा द्या.